ग्रेच्चोचा गोठा आणि असिसीकर संत फ्रान्सिस



आगमनकाळ अर्ध्यावर आला की आपल्या धर्मग्रामांतील घरोघरी एक ओळखीची लगबग सुरू होते. वर्षभर माळ्यावर पडून असलेले खोके खाली उतरते. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मूर्ती एकेक करून बाहेर येतात. एखाद्या मेंढपाळाचा हात मोडलेला असतो, एखाद्या मेंढराचा कान तुटलेला असतो. तरीही ती मूर्ती टाकून द्यायला कुणाचे मन धजत नाही, कारण ती आजोबांनी आणलेली असते. पसरट भांड्यात पेरलेली नाचणी हिरवी होऊ लागते, शेजाऱ्याकडून पेंढा मागून आणला जातो आणि गोठा उभा राहतो. नाताळच्या आठवणी सांगा म्हटले, तर आपल्यापैकी बहुतेकांना नव्या कपड्यांच्या आणि केकच्याही आधी हा गोठाच आठवतो, असा आमचा अनुभव आहे.

ही परंपरा ज्यांच्यामुळे जगभर पोहोचली, ते असिसीकर संत फ्रान्सिस आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. पक्ष्यांना उपदेश करणारे, लांडग्याला माणसाळवणारे, कमरेला दोरी बांधलेले संत म्हणून त्यांचे चित्र आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. परंतु ज्या नाताळच्या रात्री त्यांनी गोठा उभारला, त्या रात्री ते कोणत्या अवस्थेत होते, त्यांच्याभोवती कोण होते आणि त्या गोठ्यात नेमके काय होते, याविषयी फारसे सांगितले जात नाही. नाताळच्या उंबरठ्यावर त्यांचे जीवनचरित्र या अंगाने वाचकांसमोर ठेवावे, असे आम्हांस वाटले.

कापडव्यापाऱ्याचा पुत्र

फ्रान्सिस यांचा जन्म इ. स. ११८१ किंवा ११८२ मध्ये मध्य इटलीतील असिसी या डोंगरउतारावर वसलेल्या नगरात झाला. त्यांचे वडील पिएत्रो दी बर्नार्दोने हे कापडाचे धनाढ्य व्यापारी होते. मुलाच्या जन्मसमयी ते व्यापारानिमित्त फ्रान्सला गेले होते. आई पिका यांनी बाळाचा बाप्तिस्मा करून त्याचे नाव जोव्हान्नी, म्हणजेच योहान, असे ठेवले. परत आल्यावर वडिलांनी आपल्या आवडत्या देशाची आठवण म्हणून त्याला फ्रान्सेस्को म्हणजे फ्रेंच असे म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पुढे रूढ झाले.

तारुण्यात फ्रान्सिस मित्रमंडळींचे लाडके होते. मेजवान्या, गाणी, उंची वस्त्रे यांवर ते सढळ हाताने खर्च करीत. १२०२ साली असिसी आणि शेजारचे पेरुजिया यांच्यात लढाई झाली. तीत ते पकडले गेले आणि सुमारे वर्षभर त्यांना तुरुंगात काढावे लागले. सुटून आल्यावर दीर्घ आजाराने त्यांना अंथरुणास खिळवले. १२०५ साली सरदारकी मिळवण्याच्या ईर्ष्येने ते पुन्हा युद्धावर निघाले. परंतु स्पोलेतो येथे रात्री झालेल्या दर्शनाने त्यांचे मन पालटले आणि ते माघारी फिरले. याच काळात वाटेत भेटलेल्या एका कुष्ठरोग्याला त्यांनी आलिंगन दिले. ज्यांना पाहून किळस येत असे, त्यांच्यातच देवाने आपल्याला नेले आणि जे कडू होते ते गोड झाले, अशी कबुली त्यांनी आयुष्याच्या अखेरीस आपल्या मृत्युपत्रात दिली आहे.

सान दामियानोच्या मोडकळीस आलेल्या चर्चमध्ये प्रार्थना करीत असता, आपले घर दुरुस्त कर, अशी प्रभूची आज्ञा त्यांनी क्रूसावरून ऐकली. त्यांनी दुकानातील कापड आणि घोडा फोलिन्यो येथे विकून ते पैसे चर्चच्या दुरुस्तीसाठी दिले. वडिलांचा संताप अनावर झाला. त्यांनी मुलाला घरात कोंडून ठेवले. वडील बाहेरगावी गेल्यावर आईने त्याला मोकळे केले. अखेर १२०६ साली हे भांडण असिसीचे बिशप ग्विदो यांच्यासमोर, भर चौकात गेले. फ्रान्सिस यांनी पैसे तर परत केलेच, शिवाय अंगावरची वस्त्रेही उतरवून वडिलांच्या पायांशी ठेवली आणि यापुढे आपण केवळ स्वर्गातील पित्यालाच पिता म्हणू, असे जाहीर केले. बिशपांनी आपला झगा त्यांच्याभोवती लपेटला.

हा प्रसंग आपण उत्साहाने सांगतो. परंतु त्याची दुसरी बाजू वेदनेची आहे. त्यानंतर रस्त्यात मुलगा दिसला की पिएत्रो त्याला शिव्याशाप देत. बापाचा शाप फ्रान्सिस यांच्या वर्मी लागत असे. त्यांनी एका गरीब भिकाऱ्याला आपल्या सोबत फिरण्याची विनंती केली आणि भिक्षेतील वाटा देऊ केला. वडिलांनी शाप दिला की त्या भिकाऱ्याने क्रूसाची खूण करून आशीर्वाद द्यायचा, असे ठरले. पित्याच्या आशीर्वादाला मुकलेल्या मुलाने एका भिकाऱ्याकडून तो मागून घेतला, हे आम्हांस त्यांच्या चरित्रातील अत्यंत हृद्य स्थळ वाटते. सणासुदीला ज्यांच्या घरात एक खुर्ची रिकामी असते, भावाभावांत, बापलेकांत अबोला असतो, त्यांना फ्रान्सिस यांचे हे दुःख लगेच कळेल.

भावंडांचे नवे घर

लवकरच त्यांच्याभोवती नवे कुटुंब जमू लागले. असिसीतील श्रीमंत गृहस्थ बर्नार्ड, पेत्रुस कतानी आणि मागोमाग इतर अनेक जण आपले सर्वस्व गरिबांना वाटून त्यांना येऊन मिळाले. १२०९ साली पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या जीवनक्रमाला तोंडी मान्यता दिली. ते एकमेकांना बंधू म्हणत आणि स्वतःला सर्वांत धाकटे बंधू समजत. १२१२ साली झावळ्यांच्या रविवारच्या रात्री असिसीच्या उमराव घराण्यातील क्लारा या तरुणीने घर सोडले आणि पोर्सिउंकुला येथील छोट्या चर्चमध्ये व्रतस्थ जीवन स्वीकारले. पुढे सान दामियानो हाच त्यांचा व त्यांच्या भगिनींचा मठ झाला.

तरीही एकाकीपणाने फ्रान्सिस यांचा पिच्छा पूर्णपणे सोडला नव्हता. हिवाळ्यातील एका रात्री, मन फार व्याकूळ झाले असता, ते मठाबाहेर पडले आणि त्यांनी बर्फाच्या सात मूर्ती केल्या. ही तुझी पत्नी, हे दोन मुलगे आणि या दोन मुली, हा गडी आणि ही मोलकरीण; यांना थंडी वाजते आहे, यांच्या कपड्यालत्त्याची सोय कर, असे त्यांनी स्वतःलाच बजावले आणि हे जमणार नसेल तर केवळ देवाची सेवा कर, असे म्हणून ते पुन्हा प्रार्थनेकडे वळले. जुन्या चरित्रकारांनी हा प्रसंग मोहावरील विजय म्हणून सांगितला आहे. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आटोपून, शेवटचे कुटुंब घरी गेल्यावर चर्चचे दिवे मालवून एकटेच खोलीकडे परतणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना त्यात आणखीही काही ऐकू येते. संतांनाही घराची ओढ होती आणि ती त्यांनी देवापासून लपवली नाही.

१२२३ चा हिवाळा

१२१९ साली, क्रूसयुद्ध चालू असताना, फ्रान्सिस इजिप्तमधील दामिएत्ता येथे गेले आणि शत्रूच्या छावणीत जाऊन सुलतान अल-कामिल यांना निःशस्त्रपणे भेटले. सुलतानाने त्यांना सन्मानाने परत पाठवले. तेथून ते परतले ते डोळ्यांचा असाध्य विकार घेऊनच. त्यांना उजेड सोसेनासा झाला. पोट आणि यकृत यांची दुखणीही मागे लागली.

याहून मोठी चिंता घरातली होती. बंधूंची संख्या आता हजारोंवर गेली होती. इतक्या मोठ्या संघाला घरे हवीत, पुस्तके हवीत, सुस्पष्ट नियम हवेत, असे अनेकांचे म्हणणे होते आणि ते सर्वस्वी चुकीचेही नव्हते. परंतु ज्या दारिद्र्यावर आपण प्रीती केली, ते हळूहळू बाजूला पडत आहे, अशी फ्रान्सिस यांची भावना झाली. १२२० साली त्यांनी संघाचे नेतृत्व सोडले. नियमावली पुन्हा पुन्हा लिहावी लागली. रिएती खोऱ्यातील फोंते कोलोंबो येथे राहून त्यांनी तिला अंतिम रूप दिले आणि २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी तिला लेखी मान्यता दिली.

नियम मंजूर झाला आणि अवघ्या चार आठवड्यांनी नाताळ आला. शरीराने खचलेला, दृष्टी मंदावलेला आणि आपल्याच संघात काहीसा परका झालेला हा चाळिशीतील मनुष्य त्या नाताळसाठी रोमला थांबला नाही आणि असिसीलाही गेला नाही. तो ग्रेच्चो नावाच्या एका लहानशा डोंगरी गावाकडे वळला.

ग्रेच्चोची मध्यरात्र

ग्रेच्चो हे गाव रिएतीच्या खोऱ्याच्या कडेला, दाट झाडीच्या कड्यावर वसलेले आहे. तेथील लोक गरीब होते. लांडग्यांचा आणि गारपिटीचा त्यांना मोठा उपद्रव होत असे. फ्रान्सिस यांना या साध्या माणसांचा फार लळा होता. संध्याकाळी बंधू आपल्या झोपड्यांजवळ स्तुतिगीते गाऊ लागले की गावातील थोर-लहान माणसे घराबाहेर येत आणि आपल्या दारातूनच मोठ्या आवाजात प्रतिसाद देत. बोबडे बोलणारी मुलेसुद्धा बंधूंना पाहिले की देवाची स्तुती म्हणू लागत. आपल्या गावांत अंगणातील क्रूसाजवळ लितानी म्हणताना शेजारच्या घरातून ओ मिळते, त्याची आठवण वाचकांना येथे झाल्यावाचून राहणार नाही.

या गावात जोव्हान्नी नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ होते. नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी फ्रान्सिस यांनी त्यांना बोलावून घेतले आणि आपली इच्छा सांगितली. बेथलेहेमात जन्मलेल्या बाळाला कोणकोणत्या गोष्टींची उणीव सोसावी लागली, ते गव्हाणीत कसे निजले, बैल आणि गाढव यांच्यासमोर गवतावर कसे ठेवले गेले, हे सारे आपल्याला या देहाच्या डोळ्यांनी पाहायचे आहे, असे त्यांनी जोव्हान्नी यांना सांगितले. हे सांगणाऱ्याचे डोळे तेव्हा अंधुक होत चालले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या इच्छेचे मोल कळते. जोव्हान्नी यांनी लगेच तयारी केली. अशा नव्या प्रथेविषयी कुणी शंका घेऊ नये म्हणून फ्रान्सिस यांनी पोपमहोदयांची अनुमतीही घेतली होती, असे संत बोनाव्हेंचर यांनी नमूद केले आहे.

२४ डिसेंबर १२२३ च्या रात्री आसपासच्या मठांतून बंधू आले. गावातील स्त्री-पुरुष आपापल्या ऐपतीप्रमाणे मेणबत्त्या आणि मशाली घेऊन डोंगर चढून आले. सारे रान उजळून निघाले आणि कडेकपारींतून गाण्याचे प्रतिध्वनी उठू लागले. तेथे काय होते? एक गव्हाणी होती, तीत गवत होते. खराखुरा बैल होता, खरेखुरे गाढव होते. पवित्र मरियेची मूर्ती नव्हती, संत योसेफ नव्हते, बाळ येशूची मूर्तीही नव्हती. त्या गव्हाणीवर वेदी मांडून धर्मगुरूंनी पवित्र मिस्सा अर्पण केली. ज्या ठिकाणी जनावराचा चारा असतो, त्याच ठिकाणी प्रभू भाकरीच्या रूपाने आला. फ्रान्सिस यांना आपल्या सजावटीतून जे सांगायचे होते, ते एवढेच होते.

नम्रतेमुळे फ्रान्सिस यांनी धर्मगुरुपद कधीच स्वीकारले नाही. ते अखेरपर्यंत उपदीक्षितच राहिले. त्या रात्री त्यांनी उपदीक्षिताची वस्त्रे परिधान करून आपल्या गोड आवाजात शुभवर्तमान गायिले आणि मग लोकांना प्रवचन दिले. येशूचे नाव घ्यायची वेळ आली की ते बेथलेहेमचे बाळ असे म्हणत आणि बेथलेहेम हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज मेंढराच्या कोकरासारखा होई. ते नाव घेतल्यावर जणू मध चाखल्याप्रमाणे ते ओठांवरून जीभ फिरवीत. तेथे उपस्थित असलेल्या एका सत्शील गृहस्थाला गव्हाणीत एक निश्चेष्ट बालक दिसले आणि फ्रान्सिस जवळ जाऊन त्याला गाढ झोपेतून जागे करीत आहेत, असा भास झाला. बोनाव्हेंचर यांच्या मते हे गृहस्थ म्हणजे जोव्हान्नीच होत. अनेकांच्या हृदयात विस्मृतीने निजलेल्या येशूला फ्रान्सिस यांनी जागे केले, असा त्या दर्शनाचा अर्थ सेलानोचे बंधू थॉमस यांनी लावला आहे. त्यांनी हे चरित्र या घटनेनंतर पाच-सहा वर्षांतच लिहिले.

मिस्सा संपल्यावर लोक आनंदाने घरोघरी गेले. गव्हाणीतील गवत त्यांनी जपून ठेवले. आजारी गुरांना ते खाऊ घातल्यावर गुरे बरी झाली आणि अडलेल्या बाळंतिणींनाही त्याने आराम पडला, अशी त्या परिसराची श्रद्धा होती. पुढे त्याच जागी वेदी आणि चर्च उभे राहिले.

इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट येथे नोंदवणे उचित ठरेल. नाताळचे देखावे आणि नाट्यप्रसंग फ्रान्सिस यांच्या आधीही युरोपातील काही चर्चमध्ये होत असत. परंतु ग्रेच्चोनंतर, विशेषतः फ्रान्सिस्कन बंधूंमुळे, गोठ्याची भक्ती सर्वसामान्य जनांची झाली.

नाताळ कसा साजरा करावा

फ्रान्सिस नाताळला सर्व सणांचा सण मानीत, कारण त्या दिवशी देव लहान मूल होऊन आईच्या अंगावर प्याला. एका वर्षी नाताळ शुक्रवारी आला. त्या दिवशी मांस वर्ज्य करावे काय, अशी चर्चा बंधूंमध्ये निघाली आणि बंधू मोरिको यांनी शुक्रवारचा उपवास पाळावा असे सुचवले. तेव्हा फ्रान्सिस यांनी त्यांना दटावले आणि अशा दिवशी भिंतींनीही मांस खावे, त्यांना खाता येत नसेल तर निदान बाहेरून ते चोळावे, असे सांगितले. एरवी अन्नात राख मिसळून खाणारा हा तपस्वी नाताळच्या दिवशी उपवासाचे नाव काढू देत नसे.

श्रीमंतांनी त्या दिवशी गरिबांना पोटभर जेवू घालावे आणि बैल व गाढव यांना नेहमीपेक्षा अधिक चारा द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. आपल्याला सम्राटाची भेट मिळाली तर आपण त्याच्याकडून एक फर्मान मागून घेऊ, असे ते सांगत. नाताळच्या दिवशी प्रत्येकाने रस्त्यावर धान्य टाकावे, म्हणजे पाखरांना, विशेषतः चंडोल पक्ष्यांना, सण साजरा करता येईल, असे ते फर्मान असणार होते.

त्यांच्याविषयीची आणखी एक घटना ग्रेच्चो येथेच घडली. एका जुन्या संग्रहात ती नाताळच्या दिवसाची सांगितली आहे, तर सेलानोच्या थॉमस यांनी ती पुनरुत्थान सणाची म्हणून दिली आहे. सणानिमित्त बंधूंनी मेज उंचावर मांडले, त्यावर शुभ्र चादर अंथरली आणि काचेचे पेले ठेवले. फ्रान्सिस यांनी ते पाहिले. ते गुपचूप बाहेर गेले. त्या दिवशी मठात आलेल्या एका गरिबाची टोपी आणि काठी त्यांनी घेतली आणि बंधू जेवायला बसल्यावर दारात येऊन, आजारी व निर्धन यात्रेकरूला देवाच्या प्रीतीखातर काही वाढा, अशी याचना केली. बंधूंनी त्यांना ओळखले आणि आत बोलावले. हातात थाळी घेऊन ते चुलीजवळ जमिनीवर बसले. आता आपण खरे बंधू म्हणून बसलो आहोत, असे ते म्हणाले. इतरांना लाज वाटली आणि काहींच्या डोळ्यांत पाणी आले.

ज्याने भिंतींनाही मांस खाऊ घालायला सांगितले, तोच चादर घातलेल्या मेजावर का रागावला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमच्या अल्पमतीनुसार उत्तर असे की मेजवानीला त्यांचा विरोध नव्हता. दारात भिकारी उभा राहिला असता त्याला संकोच वाटावा, अशी पंगत त्यांना नको होती.

अखेरची आठवण

ग्रेच्चोनंतर फ्रान्सिस तीन वर्षेही जगले नाहीत. सप्टेंबर १२२४ मध्ये ला व्हेर्ना पर्वतावर त्यांच्या देहावर प्रभूच्या पंचक्षतांच्या खुणा उमटल्या. १२२५ साली सान दामियानो येथे, जवळजवळ अंध अवस्थेत, त्यांनी सूर्याला बंधू आणि पाण्याला भगिनी म्हणणारे आपले प्रसिद्ध स्तोत्र रचले. डोळ्यांवर उपचार म्हणून फोंते कोलोंबो येथे तापलेल्या लोखंडाने त्यांना डागण्या देण्यात आल्या. तेव्हा त्यांनी बंधू अग्नीला सौम्य होण्याची विनंती केली.

मृत्यू समीप आल्यावर त्यांना एका व्यक्तीची आठवण झाली. रोममधील जाकोबा नावाच्या उमराव घराण्यातील विधवेने त्यांना अनेकदा आपल्या घरी जेवू घातले होते. त्यांच्या धैर्यामुळे फ्रान्सिस त्यांना बंधू जाकोबा म्हणत. रोमला असताना त्यांनी केलेली बदामाची मिठाई आपल्याला पुन्हा खावीशी वाटते, असे त्यांनी बंधूंना सांगितले आणि पत्र लिहायला घेतले. पत्र रवाना होण्याआधीच जाकोबा दारात उभ्या राहिल्या. त्यांनी कफनासाठी राखाडी कापड आणले होते, मेणबत्त्या आणल्या होत्या आणि ती मिठाईही आणली होती. मठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. परंतु बंधू जाकोबांना हा नियम लागू नाही, असे सांगून फ्रान्सिस यांनी त्यांना आत घेतले. मिठाई त्यांनी जेमतेम चाखली. आयुष्यभर स्वतःला काहीही खाण्याची मुभा न देणाऱ्या या संताने मरणाच्या दारात एका मायेच्या हाताची चव मागितली, यात त्यांच्या साधुत्वाला मुळीच उणेपणा येत नाही.

त्यांनी भाकर मागवली, ती आशीर्वादित करून मोडली आणि प्रभूच्या अखेरच्या भोजनाची आठवण म्हणून प्रत्येक बंधूला तिचा तुकडा दिला. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी पोर्सिउंकुला येथे, उघड्या जमिनीवर, त्यांनी देह ठेवला. पोप नववे ग्रेगरी यांनी १६ जुलै १२२८ रोजी त्यांना संतपद बहाल केले. असिसीच्या महामंदिरात त्यांची समाधी आहे आणि बंधू जाकोबाही तेथेच विसावल्या आहेत.

गोठ्याचा प्रवास

फ्रान्सिस यांच्या मागे क्लारा सत्तावीस वर्षे जगल्या. १२५२ सालच्या नाताळच्या रात्री त्या आजाराने अंथरुणाला खिळल्या होत्या. भगिनी प्रार्थनेला गेल्या आणि त्या एकट्याच मागे राहिल्या. त्या वेळी दूरवरच्या संत फ्रान्सिस यांच्या चर्चमधील गायन त्यांना ऐकू आले आणि प्रभूचा गोठाही त्यांना दिसला, असे त्यांच्या चरित्रात म्हटले आहे. याच कारणास्तव पोप बारावे पायस यांनी पुढे त्यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले. दूरदेशी असलेल्या मुलांचे मुख नाताळच्या रात्री पडद्यावर पाहणाऱ्या आजच्या आईवडिलांनी या संतेला अवश्य साकडे घालावे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस शिल्पकार आर्नोल्फो दी कांबियो यांनी रोमच्या सांता मारिया माज्जोरे महामंदिरासाठी संगमरवरी गोठा घडवला. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८२ पासून संत पीटर चौकात भव्य गोठा उभारण्याची प्रथा सुरू केली. ज्यांनी फ्रान्सिस हे नाव धारण केले, त्या पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्चोला जाऊन गोठ्याचा अर्थ आणि महत्त्व सांगणाऱ्या पत्रावर तेथेच स्वाक्षरी केली. ग्रेच्चोच्या गोठ्याला २०२३ साली ८०० वर्षे पूर्ण झाली. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांना चिरविश्रांती लाभली, तीही सांता मारिया माज्जोरे येथेच. प्रभूच्या गव्हाणीचे समजले जाणारे पवित्र अवशेष त्याच महामंदिरात जतन केलेले आहेत.

फ्रान्सिस यांच्या बंधूंनी सोळाव्या शतकात आपल्या वसईतही पाऊल ठेवले. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे याच संघाचे प्रापंचिक बंधू. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर त्यांनी रक्तसाक्ष दिली. ग्रेच्चोच्या त्या कुटुंबात आपल्याही मातीतील एक भाऊ आहे, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

आमचे मनोगत

गेली कित्येक वर्षे गोठ्यांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून आम्ही घरोघरी फिरत आलो आहोत. कृत्रिम धबधबे, हलते मेंढपाळ, विजेच्या माळांचा झगमगाट यांना आम्ही गुण दिले आहेत. त्यामागील तरुणांचे कष्ट आम्हांस ठाऊक आहेत आणि त्यांना आम्ही कमी लेखीत नाही. परंतु एका वर्षीचा प्रसंग आमच्या मनातून जात नाही. परीक्षणाच्या यादीत नसलेल्या एका घरातील वयोवृद्ध आजींनी आम्हांस दारातून हाक मारली. मुले परदेशी होती. आजींनी स्टुलावर एक सूप ठेवून त्यात मूठभर पेंढा पसरला होता आणि वर बाळ येशूची एक जुनी मूर्ती ठेवली होती. त्यांनी आम्हांस बसायला सांगितले, दोन नेवऱ्या पुढे केल्या आणि शेजारच्या बांधकामावर काम करणाऱ्या मजुरांची मुले रोज संध्याकाळी बाळ पाहायला येतात, असे कौतुकाने सांगितले. घड्याळाकडे पाहत आम्ही उभ्या उभ्याच निरोप घेतला, कारण पुढील गोठा पाहायचा होता. पुढच्या नाताळला आजी नव्हत्या. आम्ही ज्या घरी बसायला हवे होते, त्या घरी बसलो नाही, ही खंत आम्ही आजही बाळगून आहोत.

ग्रेच्चोच्या गोठ्यात मूर्ती नव्हत्या. भोवती माणसे उभी होती. बंधू होते, गावचा मालक होता, मशाली घेऊन आलेल्या बायाबापड्या होत्या, गुरे होती. आठशे वर्षे लोकांनी लक्षात ठेवले, ते त्या रात्रीचे एकत्र येणे. आपल्या घरच्या गोठ्यासमोर या वर्षी कोण कोण उभे राहणार आहे, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे. रुसून बसलेल्या भावाला एक निरोप पाठवता येईल. आळीतील एकट्या राहणाऱ्या आजोबांना मध्यरात्रीच्या मिस्सेला सोबत नेता येईल. फराळाचे एक ताट जास्तीचे भरता येईल. गोठा उभारताना मुलांना बाजूला सारून घाई करण्याऐवजी पेंढा त्यांच्याच हाताने पसरू देता येईल. तो थोडा वाकडातिकडा पसरला तरी चालेल. आणि अंगणात मूठभर धान्य टाकायला विसरू नये. सम्राटाचे फर्मान फ्रान्सिस यांना कधी मिळाले नाही. त्यांची ती इच्छा आपण पूर्ण करू शकतो.

गव्हाणीत निजलेले बेथलेहेमचे बाळ आपल्या कुटुंबांना शांती देवो आणि असिसीकर संत फ्रान्सिस आपल्यासाठी विनंती करोत. सर्व वाचकांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!